कुलाब्याच्या नोंदवहीपासून ‘आदित्य’पर्यंत : अवकाश हवामानाच्या अभ्यासातील संधी

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबस कंपनीने आपल्या ए-३२० श्रेणीतील सुमारे सहा हजार विमानांच्या संगणकप्रणालीत तातडीने दुरुस्ती करण्याची सूचना जगभरातील विमान कंपन्यांना दिली. भारतात इंडिगो आणि एअर इंडिया यांच्या ताफ्यातील अनेक विमानांनाही ती लागू होती. तीव्र सौर प्रारणामुळे उड्डाणाच्या नियंत्रणासाठी लागणारी माहिती दूषित होऊ शकते, असे कारण कंपनीने दिले होते. ते वाचून विमानतळावर ताटकळलेले प्रवासी बुचकळ्यात पडले असतील तर नवल नाही. ज्या घटनेवरून हा निष्कर्ष निघाला ती ३० ऑक्टोबर रोजी अमेरिकेकडे निघालेल्या एका विमानाच्या बाबतीत घडली होती. त्या दिवशी सूर्य फारसा खवळलेला नव्हता, हे काही शास्त्रज्ञांनी लगोलग निदर्शनास आणले आणि सूर्याऐवजी दूर आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांकडे बोट दाखवले. खरे कारण कोणतेही असो, ज्या विषयाची चर्चा एरवी मोजक्या प्रयोगशाळांच्या चार भिंतींआड होत असे, तो विमानतळावरील सूचनाफलकापर्यंत येऊन पोहोचला, एवढे मात्र निश्चित.

हा विषय म्हणजे अवकाश हवामान. सूर्यापासून निघणारे प्रारण, विद्युतभारित कण आणि चुंबकीय क्षेत्र यांचा पृथ्वीभोवतालच्या अवकाशावर, वरच्या वातावरणावर आणि जमिनीवरील यंत्रणांवर होणारा परिणाम, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. आपल्या नेहमीच्या हवामानाशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. येथे पाऊस नाही, ढग नाहीत. वारा आहे, पण तो प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा असून सेकंदाला साधारणपणे ४०० किलोमीटर या वेगाने अखंड वाहत असतो.

सूर्यावर मोठा उद्रेक झाला म्हणजे त्याचे पडसाद पृथ्वीवर तीन टप्प्यांत उमटतात. सौरज्वालेतून निघालेले क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सुमारे आठ मिनिटांत येतात आणि पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूवर लघुलहरी रेडिओ संदेशवहन खंडित करतात. त्यांच्यापाठोपाठ, काही मिनिटांपासून काही तासांच्या आत, अतिवेगवान प्रोटॉन येतात. त्यांचा धोका मुख्यतः उपग्रह, अंतराळवीर आणि ध्रुवांवरून जाणारी विमाने यांना असतो. सर्वांत शेवटी, साधारण पंधरा तास ते तीन-चार दिवसांनी, येतो तो सूर्याच्या प्रभामंडलातून उसळलेला अब्जावधी टन प्लाझ्माचा लोट. ‘कोरोनल मास इजेक्शन’ या नावाने तो ओळखला जातो. मोठी भूचुंबकीय वादळे होतात ती प्रामुख्याने यामुळेच.

मात्र आलेला प्रत्येक लोट वादळ घडवतोच असे नाही, आणि या शास्त्राची खरी गोम येथेच आहे. लोटासोबत त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. सूर्याकडील बाजूस पृथ्वीचे क्षेत्र उत्तराभिमुख असते. येणाऱ्या लोटातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तर दोन्ही क्षेत्रांच्या रेषा एकमेकींना जोडल्या जातात, पृथ्वीचे चुंबकीय कवच जणू उघडते आणि ऊर्जा आत शिरते. तेच क्षेत्र उत्तराभिमुख असेल, तर तितकाच मोठा लोट फारशी हानी न करता निघून जातो. ही दिशा कोणती असेल हे लोट सूर्यापासून निघताना खात्रीने सांगता येत नाही. ती कळते तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल-१ या बिंदूपाशी असलेल्या यानांवरून गेल्यावर. तेथून पृथ्वी गाठण्यास नेहमीच्या सौरवाऱ्याला तासभर लागतो, वेगवान लोटाला जेमतेम अर्धा तास. म्हणजे तीन दिवस आधी वादळाची शक्यता सांगता येते. ते किती तीव्र असेल हे मात्र अर्धा तास आधी समजते. ही दरी भरून काढणे हे आजच्या संशोधकांपुढील सर्वांत मोठे आव्हान आहे, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी सर्वांत मोठी संधीही.

हानी कोणाची होते?

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था भूचुंबकीय वादळामुळे दीड मिनिटात कोलमडली. सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत आणि लांब वाहिन्यांत प्रवर्तित झालेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसल्याने हे घडले. २००३ च्या ऑक्टोबरअखेरच्या वादळांत स्वीडनमधील माल्मो शहराचा वीजपुरवठा काही काळ बंद पडला. दक्षिण आफ्रिका ध्रुवांपासून बरीच दूर. तरीही तेथील काही मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यानंतर बिघाड आढळून आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर वादळ किरकोळ होते. तरीही त्याने तापून फुगलेल्या वातावरणाच्या घर्षणामुळे, नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळजवळ ४० उपग्रह कक्षा गाठण्यापूर्वीच जळून गेले.

१० आणि ११ मे २०२४ चे वादळ हे दोन दशकांतील सर्वांत तीव्र. अमेरिकेतील पूर्वानुमान केंद्राच्या पाच पायऱ्यांच्या मापनश्रेणीत ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर होते. न्यूझीलंडमध्ये खबरदारी म्हणून काही उच्चदाब वाहिन्या बंद ठेवण्यात आल्या. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटू लागले, कारण सेंटीमीटरपर्यंत अचूक असलेले स्थाननिर्देशन बिघडले होते. लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर पसरलेली लाल आभा टिपली. ती छायाचित्रे वृत्तपत्रांतून छापून आली आणि भारतातील बहुतेकांना त्या वादळाची आठवण आहे ती त्या लाल आकाशामुळे.

‘सौरवादळामुळे आठवडाभर इंटरनेट बंद’ अशा आशयाचे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. त्यांत तथ्य फार थोडे असते. पण त्यांना उत्तर म्हणून ‘भारत विषुववृत्ताजवळ असल्याने आपल्याला काही धोका नाही’ असे जे सांगितले जाते, तेही तितकेच अर्धवट आहे. वीजजाळ्यांना असलेला धोका आपल्या अक्षांशांवर तुलनेने कमी, हे खरे. परंतु चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. त्याच्यावर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा एक प्रबळ विद्युतप्रवाह वाहतो. १९६३ मध्ये थुंबा येथून पहिला अग्निबाण सोडला गेला, त्या जागेची निवड याच कारणासाठी झाली होती. विषुववृत्तावरून वर उचलला गेलेला आयनांबरातील प्लाझ्मा दोन्ही बाजूंना खाली उतरतो आणि त्याची उत्तरेकडील रास नेमकी मध्य व पश्चिम भारतावर साठते. सूर्यास्तानंतर या थरात बुडबुड्यांसारख्या विरळ पोकळ्या निर्माण होतात. त्यांतून जाताना उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि स्थाननिर्देशनात चुका होतात. विमानांच्या मार्गदर्शनासाठी भारताने उभारलेली ‘गगन’ यंत्रणा असो वा स्वदेशी ‘नाविक’, दोहोंना हा प्रश्न भेडसावतो. युरोप-अमेरिकेत तयार झालेली आयनांबराची गणिती प्रारूपे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. हे काम येथेच व्हावे लागते, आणि त्यासाठी माणसे येथलीच लागतात.

याच कारणासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे निरीक्षण केंद्र आहे. रात्रीच्या आकाशाची जी अंधूक नैसर्गिक दीप्ती डोळ्यांना जाणवत नाही, ती तेथील कॅमेरा टिपतो. वरील पोकळ्या त्या चित्रांत काळ्या पट्ट्यांसारख्या पूर्वेकडे सरकताना दिसतात.

कुलाब्याचा वारसा

अवकाश हवामानाच्या इतिहासात मुंबईचे नाव फार मोठे आहे, याची मुंबईकरांनाच फारशी कल्पना नसते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली ती जहाजांच्या सोयीसाठी, अचूक वेळ ठेवण्याकरिता. १८४१ पासून तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. रेशमाच्या धाग्याला टांगलेली चुंबकसूची, तिच्यावर बसवलेला आरसा, आणि दुर्बिणीला डोळा लावून ठरलेल्या वेळी आकडा टिपणारा निरीक्षक, असा तो सगळा खटाटोप होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या दोघांनी, स्वतंत्रपणे, सूर्यडागांच्या एका समूहावर डोळे दिपवणारा प्रकाश पाहिला. सौरज्वालेची ही पहिली नोंद. साडेसतरा-अठरा तासांनी जे वादळ पृथ्वीवर आदळले, तितके मोठे वादळ त्यानंतर यंत्रांच्या नोंदीत पुन्हा आलेले नाही. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांच्या कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या, आणि काही ठिकाणी विजेरी काढून घेतल्यावरही तारा जात राहिल्या.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत त्या वेळी छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद करणारी, त्या काळातील अद्ययावत यंत्रणा होती. वादळ इतके प्रचंड होते की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला आणि नेमका महत्त्वाचा भागच नोंदला गेला नाही. कुलाब्याला अशी यंत्रणा नव्हती; तेथे माणसे होती. त्या दिवशी सकाळी सूची अस्वस्थ झाल्याचे दिसताच त्यांनी नेहमीच्या तासातासाच्या नोंदींवर न थांबता काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपण्यास प्रारंभ केला. दुपारच्या सुमारास क्षैतिज चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाली. मुंबईच्या अक्षांशावर हे क्षेत्र साधारण ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते, आणि चांगल्या मोठ्या वादळातही त्यात घट होते ती काही शेकड्यांची. हे लक्षात घेतले म्हणजे आकडे टिपणाऱ्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करता येते. तरीही आकडे सलग आहेत.

सुमारे दीड शतक ती नोंदवही तशीच पडून होती. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींच्या आधारे १८५९ च्या वादळाची तीव्रता निश्चित करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वादळांची तीव्रता मोजण्याच्या जागतिक निर्देशांकानुसार ती उणे १७६० नॅनोटेस्लाच्या घरात असावी, असे त्यांनी मांडले. हा आकडा पुढे वादाचा ठरला. एका ठिकाणच्या क्षणिक घटीवरून साऱ्या पृथ्वीचा निर्देशांक काढता येईल काय, अशी शंका घेण्यात आली. तासाची सरासरी घेऊन इतर अभ्यासकांनी तो उणे ८५० ते ९५० पर्यंत खाली आणला. वीजजाळी आणि उपग्रह किती मोठ्या धक्क्याला तोंड देण्याच्या तयारीने बांधावेत, हे अशा आकड्यांवर ठरत असल्याने या वादाला निव्वळ ऐतिहासिक म्हणता येणार नाही. तुलनेसाठी, क्वेबेक अंधारात गेले त्या वादळाचा निर्देशांक उणे ५८९ होता आणि मे २०२४ च्या वादळाचा सुमारे उणे ४००.

मुंबईच्या खात्यावर आणखी एक नोंद आहे. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री चक्क मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त आहे. एडनकडे जाणाऱ्या तारयंत्रणेत व्यत्यय आला आणि कुलाब्याच्या उपकरणांनीही प्रचंड वादळ नोंदवले. या वादळाचा नव्याने अभ्यास करणाऱ्या जपानी व अन्य देशांच्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत जगभरातील जुनी वृत्तपत्रे आणि दफ्तरे धुंडाळली. कुलाब्याच्या नोंदी त्यांनाही चुकल्या नाहीत.

पुढे मुंबई वाढली आणि वेधशाळेला अडचणीची ठरू लागली. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस यांना धोका स्पष्ट दिसला. रुळांतून जमिनीत उतरणारा प्रवाह सूचीला सतत हलवत ठेवणार होता. ट्राम रोखणे शक्य नव्हते. मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबागची जागा निवडली. चुंबकीय गुणधर्म असलेले काहीही वापरायचे नाही म्हणून पोरबंदरी दगडांत इमारती बांधून घेतल्या, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथील नोंदी एकाच वेळी घेऊन दोहोंची मापे जुळवली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. एखाद्या शहरात सुधारणा येण्यापूर्वीच तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानीची अशी चोख तजवीज झाल्याची उदाहरणे आपल्याकडे विरळाच. या दूरदृष्टीमुळे कुलाबा-अलिबाग ही जगातील सर्वांत दीर्घ सलग चुंबकीय नोंदमालिकांपैकी एक ठरली. १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचे मूस यांनी केलेले दोन भागांतील संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे संदर्भ आजही दिले जातात. अलिबागच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्यांना कुलाबा किल्ला ठाऊक असतो. तेथेच असलेल्या या वेधशाळेकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

आज हे काम पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ पासून स्वायत्त असून तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे. नागपूरसह देशात डझनभर ठिकाणी तिच्या चुंबकीय वेधशाळा आहेत. तिरुनेलवेली आणि प्रयागराज येथे प्रादेशिक केंद्रे आहेत, आणि भूचुंबकीय माहितीचे जागतिक केंद्रही तिच्याकडे आहे. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांवर संस्थेची उपकरणे चालतात. त्यांच्या देखभालीसाठी भारतीय मोहिमांतून संशोधक तेथे जात असतात.

पुण्याची दुर्बीण, सूर्यावर नजर

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘आदित्य-एल१’ निघाले. १८५९ च्या वादळाचीही तारीख हीच, हा अर्थात योगायोग. ६ जानेवारी २०२४ रोजी ते एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील सात उपकरणांपैकी ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात ती सूर्याची पूर्ण चकती अकरा गाळण्यांतून टिपते. हा प्रकाश ओझोनच्या थरामुळे बहुतांशी जमिनीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्याची अशी निरीक्षणे पृथ्वीवरून घेताच येत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा ‘व्हीईएलसी’ प्रभामंडलाकडे पाहतो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ‘अ‍ॅस्पेक्स’ आणि तिरुवनंतपुरमचे ‘पापा’ सौरवाऱ्यातील कण मोजतात. सहा मीटर लांबीच्या दांड्यावरील चुंबकमापक क्षेत्राची दिशा सांगतो. उद्रेकाचा उगम आणि त्याचा एल-१ वरील परिणाम, दोन्ही एकाच यानावरून पाहण्याची सोय हे ‘आदित्य’चे वैशिष्ट्य.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब ही की या यानाची शास्त्रीय माहिती इस्रोने ‘प्रदान’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली आहे. नाव नोंदवले की जळगावच्या वा लातूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही तीच फाइल उतरवून घेऊ शकतो जी आयुकातील संशोधकाच्या पडद्यावर असते. नासाच्या पार्कर यानाची माहितीही अशीच खुली आहे. २४ डिसेंबर २०२४ रोजी हे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले होते. युरोपच्या सोलर ऑर्बिटरची, आणि १९९५ पासून काम करणाऱ्या ‘सोहो’चीही माहिती उपलब्ध आहे. युरोपचे ‘प्रोबा-३’ हे जोडयान इस्रोच्याच अग्निबाणाने ५ डिसेंबर २०२४ रोजी अवकाशात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एल-१ कडे एकाच वेळी तीन याने धाडली, त्यांपैकी एक केवळ अवकाश हवामानाच्या पूर्वानुमानासाठी आहे. माहितीचा असा पूर यापूर्वी कधी आलेला नाही. ती वाचणाऱ्यांची संख्या मात्र त्या मानाने वाढलेली दिसत नाही.

प्रवेश कोठून?

या क्षेत्रात येण्याचा रूढ मार्ग भौतिकशास्त्रातील एमएस्सीचा. नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा उत्तीर्ण होऊन पीएचडीसाठी प्रवेश घ्यायचा. पनवेलची संस्था, अहमदाबादची प्रयोगशाळा आणि तिची उदयपूर येथील सौर वेधशाळा, बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था, तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा आणि नैनितालची एरीज या यातील प्रमुख संस्था. कोलकात्याच्या आयसरमधील ‘सेसी’ हे केंद्र सौरचक्राचे आणि सौरवादळांचे अंदाज वर्तवते. पुण्यात आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांची प्रवेशपरीक्षा संयुक्त असते. या रेडिओ केंद्राचा उल्लेख दुर्बिणींमुळे मुद्दाम करावयास हवा. नारायणगावजवळील खोडदची महादुर्बीण बहुतेकांना ऐकून माहीत आहे. उटीची १९७० मधील ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण मात्र विस्मरणात गेल्यासारखी आहे. दूरच्या रेडिओस्रोतांचे लुकलुकणे मोजून सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यान सौरवारा कसा वाहतो आहे, हे तिच्यावरून कित्येक वर्षे शोधले गेले. मधल्या वाटेतला लोट पाहण्याचा हा मार्ग यान न पाठवता साधणारा आहे.

पदवीच्या वर्गात असलेल्यांसाठी उन्हाळी संधी अधिक उपयुक्त. तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती, आयुका व रेडिओ केंद्राचे सुट्टीतील कार्यक्रम आणि अहमदाबादचे उन्हाळी प्रशिक्षण यांचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यातच मागवले जातात. मार्चमध्ये चौकशीला लागणाऱ्यांची वेळ बहुधा निघून गेलेली असते. ‘आदित्य’ची माहिती कशी वापरावी हे शिकवण्यासाठी इस्रो आणि एरीज यांनी मिळून साहाय्य केंद्र उभारले असून विद्यापीठांतील विद्यार्थी व अध्यापकांसाठी त्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. पीएचडी झालेल्यांसाठी पनवेलच्या संस्थेत नानाभॉय मूस यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘स्कॉस्टेप’ ही समिती विकसनशील देशांतील पीएचडीच्या विद्यार्थ्यांना परदेशी प्रयोगशाळेत एक ते तीन महिने काम करण्याची संधी देते. आपल्याकडील विद्यापीठांत या योजनेची माहिती फार थोड्यांना असते, हा अनुभव आहे.

केवळ भौतिकशास्त्रज्ञच येथे लागतात, हा समज आता सोडून द्यावयास हवा. यानांवरून दररोज येणाऱ्या चित्रांतून उद्रेक ओळखण्याचे काम संगणक करतो, आणि त्याला ते शिकवणारे बहुतेक जण संगणकशास्त्राचे असतात. पायथन भाषेतील ‘सनपाय’ हा सौरभौतिकीचा संच विनामूल्य आहे आणि जगभरातील स्वयंसेवक तो घडवतात. वीजवाहिन्यांतील प्रवर्तित प्रवाह समजून घेण्यासाठी विद्युत अभियंता लागतो, उपग्रहाच्या संदेशातील थरथर अभ्यासण्यासाठी दूरसंचार अभियंता. विमान वाहतूक, वीज पारेषण, विमा या क्षेत्रांत परदेशात अशा जाणकारांना मागणी आहे. आपल्याकडे मात्र ती अजून कागदावरच आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या हवामान खात्यात २०१४ पासून अवकाश हवामानाचा अंदाज देणारे कर्मचारी रात्रंदिवस पाळीवर असतात. भारतात संशोधन उत्तम आहे, उपकरणे उत्तम आहेत. परंतु पीएचडीनंतर कायम नोकरीची पदे मोजकीच आणि त्यांच्या जाहिराती अनियमित. त्यामुळे चांगली मुले परदेशी जातात किंवा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत रमतात. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने आणि त्याच्या पालकांनी ही बाब आधीच ध्यानात घेतलेली बरी.

ज्यांना नोकरी नको, केवळ हौस आहे, त्यांनाही येथे जागा आहे. योग्य गाळणी लावलेल्या लहान दुर्बिणीतून पाहून किंवा दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर घेऊन रोज डाग मोजणे आणि ते आकडे ब्रुसेल्सच्या जागतिक सूर्यडाग केंद्राकडे पाठवणे हे काम हौशी निरीक्षक अनेक दशके करीत आले आहेत. सौरचक्राचा अधिकृत आकडा त्यांच्याही नोंदींतून बनतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी वा गाळणीशिवाय दुर्बिणीतून पाहणे म्हणजे दृष्टीला कायमचे मुकणे, हे येथे पुन्हा सांगणे भाग आहे. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासून चालू असलेल्या संस्थांत याचे प्राथमिक धडे मिळू शकतात. हौशी रेडिओचा परवाना असणाऱ्यांना तर लघुलहरींचा पल्ला कसा कमी-जास्त होतो यावरून आयनांबराची नाडी घरबसल्या तपासता येते.

सध्याचे पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास त्याने शिखर गाठले. शिखर ओलांडले म्हणजे धोका टळला असे नव्हे. २००३ ची मोठी वादळे त्या चक्राच्या शिखरानंतर सुमारे दोन वर्षांनी आली होती. आज पदवीच्या पहिल्या वर्षात असलेला विद्यार्थी पीएचडी पूर्ण करील तेव्हा पुढच्या चक्राचे शिखर समोर असेल. तोपर्यंत करण्याजोगे एक काम मात्र त्याला सूर्याची वाट पाहायला लावणार नाही. कुलाबा आणि अलिबाग येथील शतकाहून अधिक काळातील नोंदी छापील तक्त्यांत आणि छायाचित्रणाच्या कागदांवर आहेत. त्यांतील प्रत्येक वादळाची मिनिटामिनिटाची मापे संगणकात आणायची, तर झिजलेल्या कागदावरची पुसट रेघ ओळखणारा सराईत डोळा लागतो. १८५९ चे वादळ पुन्हा वाचायला माणसे मिळाली ती १४४ वर्षांनी.